वाचकांचे प्रश्न : मासे बाहेर काढलेल्या टाकीत प्रवाळांचे पोषण

प्रश्न : स. न. वि. वि. माझी खाऱ्या पाण्याची टाकी सुमारे २०० लिटरची आहे. टँग माशाच्या अंगावर पांढरे ठिपके दिसू लागल्याने मी सर्व मासे उपचारांसाठी वेगळ्या टाकीत हलवले आहेत. मुख्य टाकीत आता हॅमर आणि टॉर्च (लांब मांसल तंतूंचे प्रवाळ), काही अ‍ॅक्रोपोरा व मोंटिपोरा (बारीक तोंडांचे कठीण प्रवाळ), एक मोठे सारकोफायटन (मऊ प्रवाळ), दोन क्लीनर कोळंब्या आणि शंख एवढेच उरले आहेत. ही टाकी ७६ दिवस माशांविना ठेवावी, असा सल्ला मला मिळाला आहे. एवढ्या काळात प्रवाळांना वेगळे काही द्यावे लागते का, की दिवे, पंप आणि स्किमर (फेसाबरोबर पाण्यातील घाण बाहेर काढणारे यंत्र) नेहमीप्रमाणे चालू ठेवले म्हणजे पुरे? आणि ७६ हा आकडा नेमका आला कोठून?

उत्तर : आधी आकड्याविषयी लिहितो, कारण तो नीट समजला की पुढची शिस्त पाळणे सोपे जाते. पांढऱ्या ठिपक्यांचा हा रोग क्रिप्टोकॅरियन इरिटन्स या एकपेशीय परजीवीमुळे होतो. माशाच्या त्वचेत आणि कल्ल्यांत तो साधारण ३ ते ७ दिवस पोसला जातो, मग गळून पडतो आणि खडक, वाळू, काच, शंखाचे कवच किंवा प्रवाळाचा उघडा सांगाडा अशा एखाद्या कठीण पृष्ठभागावर स्वतःभोवती कोश तयार करतो. कोशाच्या आत त्याचे विभाजन होत राहते आणि शेवटी शेकडो पोहणारी पिल्ले बाहेर पडतात. एक ते दोन दिवसांत मासा सापडला नाही तर ती मरतात. बहुतेक कोश चार आठवड्यांच्या आत फुटतात, परंतु काही फार मागे रेंगाळतात. ७२ दिवसांनी फुटलेल्या कोशांची नोंद आहे. त्यावर थोडी जास्तीची मुदत धरून ७६ हा आकडा रूढ झाला. पाणी २७ अंश सेल्सिअसच्या आसपास असेल तर सुमारे ४५ दिवस पुरतात, असे मानणारेही अनेक आहेत. ज्याच्या टाकीत प्रवाळ सुस्थितीत आहेत त्याने घाई करण्याचे कारण नाही, असे माझे मत आहे. मोजणी मात्र शेवटचा मासा बाहेर पडला त्या दिवसापासून करावी, शेवटचा ठिपका दिसला त्या दिवसापासून नव्हे.

आता आपल्या मुख्य प्रश्नाकडे येतो. दिवे आणि पंप चालू ठेवणे पुरेसे नाही आणि स्किमर पूर्वीइतकाच चालवणे तर बहुधा अपायकारक ठरेल. माशांविना ठेवलेल्या टाकीत प्रवाळ आजारापेक्षा उपासमारीने अधिक खालावतात, आणि ही उपासमार पाणी अत्यंत स्वच्छ दिसत असताना होते म्हणून ती उशिरा ध्यानात येते.

मासे खातात तेव्हा त्या अन्नातील नायट्रोजनचा मोठा भाग कल्ल्यांतून अमोनियाच्या रूपाने सतत पाण्यात मिसळत असतो आणि फॉस्फरस मुख्यतः विष्ठेतून मिळतो. प्रवाळांच्या ऊतींत राहणारी झूझँथेली ही सूक्ष्म शैवाले प्रकाशाच्या साह्याने साखर बनवतात खरी, पण स्वतःची वाढ आणि दुरुस्ती करण्यासाठी त्यांना नायट्रोजन आणि फॉस्फरस लागतोच. निसर्गात हा संबंध किती घट्ट असतो ते १९८३ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या, कॅरिबियन समुद्रातील सेंट क्रॉय बेटाजवळच्या अभ्यासात दिसले. ग्रंट जातीच्या लहान माशांचे थवे दिवसा ज्या प्रवाळांवर विसावा घेत, त्यांची वाढ मासे नसलेल्या प्रवाळांपेक्षा अधिक वेगाने होत होती. आपण टाकीतून मासे काढले म्हणजे हा पुरवठा तोडला. तो आता आपल्याला थोडा थोडा आणि नियमितपणे स्वतः करावा लागेल.

त्यासाठी पहिले काम मोजण्याचे आहे. नायट्रेट आणि फॉस्फेट (पाण्यात विरघळलेल्या नायट्रोजन व फॉस्फरसची रूपे) आठवड्यातून किमान दोनदा तपासावे आणि आकडे तारखेसह लिहून ठेवावेत. नायट्रेट २ ते १० पीपीएम (दशलक्ष भागांत इतके भाग) आणि फॉस्फेट ०.०३ ते ०.१ पीपीएम या मर्यादेत राहिले तर मिश्र प्रवाळांच्या टाकीत सहसा चिंता नसते. दोन्हींपैकी एकही शून्यावर जाऊ देऊ नये. त्यातही नायट्रेट भरपूर आणि फॉस्फेट शून्य ही स्थिती विशेष वाईट, कारण अशा वेळी झूझँथेली वाढू पाहतात, त्यांना फॉस्फरस मिळत नाही आणि प्रवाळ तीव्र प्रकाशाला तोंड देण्याची ताकद गमावतो. काही डिजिटल मीटर फॉस्फेटऐवजी फॉस्फरस दाखवतात, तेही पीपीबीमध्ये (अब्ज भागांत). त्या आकड्याला ३.०६६ ने गुणून हजाराने भागल्यावरच फॉस्फेटचे पीपीएम मिळते. हा हिशेब न करता मीटरवरचा आकडा तसाच धरला, तर पुढचे सगळे निर्णय चुकतात.

दुसरे काम म्हणजे पाण्यातून पोषण बाहेर काढणाऱ्या यंत्रणा आवरणे. फॉस्फेट शोषणारे माध्यम लगेच काढून ठेवावे. गाळणीची पिशवी काढावी, रेफ्युजियममध्ये (टाकीला जोडलेल्या वेगळ्या कप्प्यात) शैवाल वाढवत असाल तर त्यावरचा दिवा कमी तास लावावा आणि स्किमर एक तर कमी जोराने किंवा दिवसातील काही तासच चालवावा. तो पूर्ण बंद करण्याचा सल्ला मी देणार नाही, कारण रात्री पाण्यात प्राणवायू मिसळण्याचे कामही तोच करतो. पाणी बदलणेही या काळात कमी करता येते. क्षारता (अल्कलिनिटी, खारेपणा नव्हे), कॅल्शियम आणि मॅग्नेशियम आपण वेगळ्या मार्गाने भरून काढत असाल तर पंधरवड्यातून एकदा थोडे पाणी बदलले तरी चालते.

तिसरे काम अन्न देण्याचे. टाकीत मासे असल्याप्रमाणे रोज चिमूटभर अन्न टाकावे, हा सल्ला सर्वत्र दिला जातो आणि तो बरोबरही आहे. परंतु कोणते अन्न, हे त्यात सांगितलेले नसते. माशांसाठी असलेले मोठे तुकडे खडकांच्या फटीत जाऊन कुजतात, म्हणून बारीक अन्न निवडावे: प्रवाळांसाठी मिळणारी भुकटी, रॉटिफर, गोठवलेले सायक्लॉप्स (हे दोन्ही सूक्ष्म जलजीव). मुक्काम बदललेल्या माशांच्या खुराकाच्या एक तृतीयांशापासून आरंभ करावा आणि पुढे नायट्रेट-फॉस्फेटचे आकडे पाहून मात्रा वाढवावी. याच अन्नावर जैविक गाळणीतील जीवाणूही जगतात, ज्यांची आपल्याला मासे परत येतील त्या दिवशी गरज पडणार आहे.

हॅमर आणि टॉर्च यांना मात्र आठवड्यातून दोनदा हाताने भरवावे, कारण ते खरोखर शिकारी आहेत. पंप थांबवून पाणी स्थिर होऊ द्यावे आणि वितळवून धुतलेला एक-एक मायसिस (कोळंबीसारखा बारीक जीव) लांब पिपेटने तंतूंच्या टोकाच्या फुगीर भागाजवळ हलकेच सोडावा. तंतू त्याला चिकटतात, आखडतात आणि हळूहळू तोंडाकडे नेतात. हॅमरचे तोंड उघडून अन्न आत जायला कित्येकदा दहा-पंधरा मिनिटे लागतात. नेमक्या याच वेळी आपल्या क्लीनर कोळंब्या घात करतात. माशांचे उरलेसुरले अन्न बंद झाल्यामुळे त्या भुकेल्या असतात आणि प्रवाळाच्या तोंडात पाय घालून आतला घास ओढून काढतात. त्यात तोंडाजवळची नाजूक ऊती फाटते आणि तेथून कुजणे सुरू होऊ शकते. म्हणून आधी कोळंब्यांना टाकीच्या दुसऱ्या टोकाला मोठा तुकडा द्यावा, त्या तो धरून बसल्या की मग प्रवाळांना भरवावे. तरीही त्या येत असतील तर प्लास्टिकच्या बाटलीचा वरचा अर्धा भाग कापून प्रवाळावर घुमटासारखा ठेवावा आणि बाटलीच्या तोंडातून अन्न सोडावे.

अ‍ॅक्रोपोरा आणि मोंटिपोरा यांच्याकडे मात्र पाण्यातील विरघळलेल्या पोषणाच्या आकड्यांवरच अधिक लक्ष ठेवावे लागेल. त्यांच्या बाबतीत क्षारतेचाही विचार करा. पोषण कमी असताना क्षारता उंच ठेवली तर सांगाडा ऊतींपेक्षा वेगाने पुढे सरकू पाहतो आणि फांद्यांची टोके जळाल्यासारखी पांढरी पडतात. त्यामुळे ती ७.५ ते ८.५ डीकेएचच्या (क्षारता मोजण्याचे अंश) दरम्यान ठेवावी आणि मुख्य म्हणजे ती एका दिवसात अर्ध्या अंशाहून अधिक हलू देऊ नये. भुकेलेले प्रवाळ क्षारता कमी वापरतात, म्हणून जुनी मात्रा तशीच चालू राहिली तर क्षारता आपोआप चढते. माशांविना चालणाऱ्या टाक्यांत हे वारंवार घडते आणि दोष मात्र दिव्यांना दिला जातो. सारकोफायटनची काळजी करू नये. ते काही दिवस मिटून मेणचट कात टाकेल आणि पुन्हा उघडेल. त्याच्यावर पुरेसा प्रवाह असला म्हणजे झाले.

प्रश्न : मासे काढून तीन आठवडे झाले. रोज अन्न टाकत असूनही नायट्रेट आणि फॉस्फेट दोन्ही शून्य येतात आणि अ‍ॅक्रोपोराचा रंग फिका पडू लागला आहे. रसायने टाकून हे वाढवावे का? मला भीती वाटते.

उत्तर : आपली भीती समजण्यासारखी आहे, कारण वर्षानुवर्षे आपण सगळ्यांनी हीच दोन द्रव्ये कमी करण्यासाठी खटपट केली आहे. परंतु अन्न वाढवत राहण्यापेक्षा मोजून दिलेली मात्रा या स्थितीत अधिक सुरक्षित असते, असे मला ठामपणे वाटते. अन्नातून किती आणि केव्हा मिळेल हे सांगता येत नाही, मोजलेल्या द्रावणातून सांगता येते.

खाद्य दर्जाचे किंवा प्रयोगशाळेच्या दर्जाचे शुद्ध सोडियम नायट्रेट २७ ग्रॅम घेऊन ते १ लिटर आर.ओ. पाण्यात विरघळवावे. या द्रावणाचे १० मिलिलिटर २०० लिटर पाण्यात सुमारे १ पीपीएम नायट्रेट वाढवतात. फॉस्फेटसाठी मोनोपोटॅशियम फॉस्फेट ०.५७ ग्रॅम १ लिटर आर.ओ. पाण्यात विरघळवले, तर त्याचे १० मिलिलिटर त्याच टाकीत ०.०२ पीपीएम फॉस्फेट वाढवतात. दोन्ही बाटल्यांवर नाव व प्रमाण लिहून त्या वेगळ्या ठेवाव्यात. दिवसाला नायट्रेट १ पीपीएमपेक्षा आणि फॉस्फेट ०.०२ पीपीएमपेक्षा जास्त वाढवू नये. लिटरचा हिशेब करताना खडक आणि वाळूने व्यापलेली जागा वजा करावी, कारण २०० लिटरच्या टाकीत प्रत्यक्ष पाणी बरेच कमी असते.

फॉस्फेटच्या बाबतीत एक गोष्ट आधीच सांगून ठेवतो, नाहीतर आपण गोंधळून जाल. पहिले काही दिवस आपण दिलेले फॉस्फेट दुसऱ्या सकाळी जवळजवळ नाहीसे झालेले दिसेल. खडक आणि वाळू कॅल्शियम कार्बोनेटच्या असतात आणि त्यांच्या पृष्ठभागावर फॉस्फेट चिकटून बसते. पृष्ठभाग आणि पाणी यांचा समतोल साधला गेला की मगच आकडा टिकू लागतो. हे दिसत असताना अधीर होऊन मात्रा चौपट करू नये. तो समतोल साधला गेल्यावर तीच वाढवलेली मात्रा एकदम अंगावर येते.

अमोनियाविषयी अनेक जण विचारतात. झूझँथेली नायट्रेटपेक्षा अमोनियम अधिक सहजतेने वापरतात हे खरे आहे आणि अनुभवी मंडळी अमोनियम क्लोराइड अत्यल्प प्रमाणात देतातही. परंतु त्यात चुकीला वाव फार कमी आहे. ज्यांना वजन मिलिग्रॅमपर्यंत अचूक करता येत नाही त्यांनी नायट्रेटवरच थांबावे.

फिकेपणा पाहताना तो कोठून सुरू होतो हे बारकाईने बघावे. फक्त दिव्याकडची वरची बाजू पांढरी पडत असेल आणि खालची व सावलीतील बाजू तपकिरी राहिली असेल, तर प्रकाश अधिक होतो आहे. सबंध वसाहत एकसारखी पुसट होऊन पॉलिप (वसाहतीतील एकेक लहान जीव) आत ओढलेले असतील, तर बहुतेक वेळा कारण उपासमार असते. हॅमर, टॉर्च यांत भूक वेगळी दिसते: मांसल भाग आक्रसतो आणि सांगाड्याच्या धारदार पट्ट्या ऊतीखालून उठून दिसू लागतात. उपासमार असली तरी आकडे सुधारेपर्यंत दिव्यांची तीव्रता १० ते २० टक्क्यांनी कमी करावी, कारण पोषण नसताना तोच प्रकाश जड जातो. रंग परत यायला तीन-चार आठवडे लागतात. त्या अवधीत दर चार दिवसांनी काहीतरी नवे करून पाहण्याचा मोह टाळावा.

प्रश्न : वाळूवर आणि खडकांवर तपकिरी, शेंबडासारखा तंतुमय थर आला आहे, त्यात हवेचे बुडबुडे अडकलेले दिसतात. रात्री तो बराच कमी होतो आणि दुपारपर्यंत पुन्हा येतो. शंख सुस्त पडले आहेत. मी दर दोन दिवसांनी पाणी बदलतो आहे, तरी तो वाढतोच.

उत्तर : आपण वर्णन केलेली लक्षणे डायनोफ्लॅजेलेट या एकपेशीय सूक्ष्म जीवांची आहेत. नायट्रेट आणि फॉस्फेट शून्यावर गेले की खडकांवर एरवी जागा अडवून असलेली शैवाले व जीवाणू मागे हटतात आणि रिकाम्या जागेवर हे जीव पसरतात. पाणी बदलून आपण उरलेसुरले पोषणही काढून टाकत आहात, म्हणून ते आधी थांबवावे. नायट्रेट ५ ते १० आणि फॉस्फेट ०.०५ ते ०.१ पीपीएमपर्यंत वरच्या उत्तरात सांगितलेल्या पद्धतीने हळूहळू न्यावे आणि तेथेच धरून ठेवावे.

पुढचा उपाय जातीवर अवलंबून आहे, म्हणून थराचा एक थेंब साध्या सूक्ष्मदर्शकाखाली जरूर पाहावा. ऑस्ट्रिऑप्सिस हा जीव टोकाकडे निमुळता, तिळासारखा दिसतो आणि एका बिंदूभोवती गिरक्या घेत राहतो. तो रात्री पाण्यात तरंगतो, म्हणून टाकीतूनच पाणी खेचून परत सोडणारा अतिनील दिवा त्यावर परिणामकारक ठरतो. अ‍ॅम्फिडिनियम वाळूतच राहतो आणि सरपटल्यासारखा सरळ पोहतो. त्याच्यावर अतिनील दिव्याचा फारसा उपयोग होत नाही, तेथे सिलिकेटची अल्प मात्रा देऊन डायटम (सिलिकेटवर वाढणारी सूक्ष्म शैवाले) वाढू देणे आणि त्यांच्याकडून जागा बळकावून घेणे हा मार्ग अधिक चालतो. शंख सुस्त पडणे हे ऑस्ट्रिऑप्सिसकडे बोट दाखवते, कारण तो विषारी आहे आणि थर खाणारे शंख त्याने मरतात. शंख काही दिवस स्वच्छ पाण्याच्या वेगळ्या भांड्यात ठेवता आले तर ठेवावेत, मात्र त्या भांड्याच्या पाण्यात कधीही मासा राहिलेला नसावा. कार्बनची पिशवी टाकीत ठेवावी. थर नळीने ओढून काढायचा असेल तर ते पाणी बारीक गाळणीतून परत टाकीत सोडावे, म्हणजे थर जातो आणि पोषण राहते.

येथे एक इशारा देणे भाग आहे. मासे नाहीतच तर खडक काढून उकळून घ्यावेत, म्हणजे सगळेच एकदम साफ होईल, अशी कल्पना काहींच्या मनात येते. खडकावर पॅलिथोआ किंवा झोअँथिड हे मऊ प्रवाळ असतील तर त्या वाफेतून पॅलिटॉक्सिन हे अतिशय घातक विष श्वासात जाऊ शकते आणि अशा प्रकारांत घरातली सगळी माणसे रुग्णालयात दाखल झाल्याच्या घटना घडल्या आहेत. खडक कोणत्याही परिस्थितीत उकळू नयेत, त्यावर गरम पाणी ओतू नये आणि असे प्रवाळ खरवडताना हातमोजे व चष्मा घालावा.

प्रश्न : एक लहान गोबी मासा खडकाच्या आत आहे, तो पकडता येत नाही. त्याच्या अंगावर एकही ठिपका नाही. तो राहू दिला तर चालेल का? आणि या काळात नवे शंख किंवा प्रवाळ आणता येतील का?

उत्तर : गोबी राहिला तर टाकी रिकामी झाली असे म्हणता येणार नाही. परजीवी कल्ल्यांत राहू शकतात, बाहेरून ठिपका दिसत नाही, आणि एका माशावर त्यांची पिढ्यान् पिढ्या गुजराण होते. त्याला सापळ्याने पकडावे. तेही जमले नाही तर तो ज्या खडकात शिरतो तो खडकच उचलून मिठाच्या पाण्याच्या बादलीवर धरावा, पाणी निथळू लागले की तो बहुधा स्वतःच खाली पडतो. मोजणी त्या दिवसापासून नव्याने सुरू करावी.

नव्या शंखांच्या कवचावर किंवा प्रवाळाच्या बुडख्यावर कोश असू शकतो. मासे असलेल्या टाकीतून आलेला कोणताही ओला जीव आत गेला की आपली मोजणी पुन्हा पहिल्या दिवसावर येते. टँग नसल्यामुळे काचेवर शैवाल वाढत असेल तर हाताने खरवडावे आणि आहेत त्याच शंखांवर भागवावे. उपचारांच्या टाकीतील जाळी, पिपेट, नळी यांपैकी काहीही मुख्य टाकीत वापरू नये, हात धुऊन पूर्ण कोरडे करावेत आणि दोन टाक्या काही मीटर अंतरावर ठेवाव्यात. औषधात तांबे असेल तर त्याचा एक थेंबही प्रवाळांच्या टाकीत जाऊ देऊ नये. प्रवाळ, कोळंबी आणि शंख यांना ते अत्यल्प प्रमाणातही मारक असते.

प्रश्न : ७६ दिवस पूर्ण होत आले आहेत. मासे एकदम सोडावेत की टप्प्याटप्प्याने? आणि नायट्रेटची मात्रा कधी थांबवावी?

उत्तर : टप्प्याटप्प्यानेच सोडावेत. मासे नसताना जीवाणूंची संख्या मिळणाऱ्या अन्नाच्या मानाने कमी झालेली असते. आधी लहान आणि शांत मासे, आठवडा-दहा दिवसांनी मधले आणि सर्वांत शेवटी टँग, असा क्रम ठेवावा. टँग शेवटी सोडण्याचे आणखी एक कारण असे की आधी गेला तर तो सगळी टाकी आपली समजून नंतर आलेल्यांना हाकलतो. प्रत्येक गटानंतर दोन दिवस अमोनिया तपासावा. मासा उपचारांच्या टाकीतून जाळीने किंवा हाताने उचलून आणावा, त्या टाकीचे पाणी सोबत येऊ देऊ नये.

नायट्रेट आणि फॉस्फेटची मात्रा पहिला गट आत गेल्यावर लगेच बंद न करता निम्म्यावर आणावी आणि दर तीन दिवसांनी आकडे पाहून कमी करत जावी. स्किमर, गाळणीची पिशवी आणि रेफ्युजियमचा दिवा पूर्ववत करण्याचीही घाई नको. एका आठवड्यात एकच बदल करावा, म्हणजे आकडा हलला तर तो कशामुळे हलला हे कळते. फॉस्फेट शोषणारे माध्यम तर फॉस्फेट ०.१ पीपीएमच्या वर सलग राहू लागल्याशिवाय पुन्हा लावूच नये. प्रवाळांना हाताने भरवणे मात्र चालू ठेवावे, फक्त आता कोळंब्यांबरोबर क्लाऊनफिशही वाटेत येतील, तेव्हा आधी माशांना खाऊ घालून मग पिपेट हातात घ्यावे.